ताईच्या न झालेल्या खेपा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे समोरचे दात वाचण्यासारखे होते. ते मी काढायला लावले.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी नाशिकहून नागपूरला गेलो. सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा हवेत गारवा होता. नंदनवन भागात लॉजसमोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) घेतले. दुसऱ्याच घासाला एक कडक हरभरा दाढेखाली आला आणि कळ थेट कानात गेली.

"काय झालं भाऊ, तर्री जास्त झाली का?" ठेलेवाल्याने विचारलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. पैसे देऊन मी गाल धरून उठलो.

चार दुकानं सोडून दातांचा एक छोटा दवाखाना होता. आत एकच खुर्ची, बाहेर दोन बाकं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात आरसा दिला, एक्स-रे समोर धरला.

"काका, काढायची म्हणाल तर आजच काढून देते. पण दाढ वाचते. तीनदा यावं लागेल. तुम्ही सांगा."

वाचवा, मी लगेच म्हणालो. ऑफिसला फोन करून मुक्कामही वाढवला. फोन ठेवून बाहेरच्या बाकावर बसलो, तेव्हा ताई आठवली.

ताईला हे कुणी विचारलं नव्हतं. ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा मी नागपुरातच नोकरीला होतो. तिचे समोरचे दात हलायला लागले म्हणून तिच्या गावाहून, भिवापूरहून, तिला आणून दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात नेलं होतं. मोठा हॉल, ओळीने खुर्च्या. सात-आठ विद्यार्थी तिच्याभोवती उभे, सर तिचं तोंड दाखवून त्यांना शिकवत होते, आणि ती वर दिव्याकडे बघत पडलेली. मग एका शिकाऊ मुलीने मला बाजूला बोलावलं. पेशंट खेड्यातली बाई असली की सोबतच्या पुरुषाशी बोलायचं, ही तिथली रीत. मुलीने नीट सांगितलं: हिरड्यांचा इलाज केला तर दात राहतील, पण दर मंगळवारी एक अशा सहा खेपा होतील. काय करायचं, असं तिने मला विचारलं. खेप म्हणजे माझी एक रजा.

मी खुर्चीपाशी जाऊन ताईला म्हणालो, "काढाच लागते म्हनतेत." तिने मान डोलावली.

दाढेच्या दुसऱ्या खेपेनंतर बसने भिवापूरला गेलो. गावात शिरतानाच मिरचीचा ठसका लागला. ताई सातऱ्यावर (मिरचीचे देठ खुडायचं आवार) बसली होती.

"काहून गा, गाल सुजला तुह्या?"

"दाढेचा इलाज करून राहिलो."

"माह्यं बरं. दात नाई तं दुखनं नाई." सोबत देठ खुडणाऱ्या बाया हसल्या. ताईही हसली, तोंडावर पदर धरून. कवळी टोचते म्हणून ती कधीची डब्यात पडून आहे.

घरी तिने मला भाकरी वाढली, स्वतःची वरणात कुस्करली. मग खाली बघतच म्हणाली, "शेजारीन सांगत होती, हालते दात बी वाचवतेत म्हने आता. माह्ये वाचले असते का गा?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं.

"नाई ताई," मी म्हणालो. "तुह्ये लयच खराब झाले होते."

"मंग बरं झालं. तू संगं होता म्हून बसली त्या खुर्चीत. नाई तं त्या पोट्ट्यायच्या गराड्यातून पळूनच आली असती."

तिसरी खेप करून नाशिकला परतलो, त्याला आठवडा झाला. दाढ शाबूत आहे. छोट्या दवाखान्यात पेशंटला विचारतात, मोठ्यात विचारत नाहीत, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण कॉलेजातल्या त्या मुलीने विचारलं होतं. मला विचारलं होतं. पुढे ताईला विचारणं माझं काम होतं.

दात मी तिला परत देऊ शकत नाही. तिच्यासमोर बसून खरं काय ते सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.