साडूचा स्विमिंग पूल आणि आमचा हौद

आमच्या घराला स्विमिंग पूल आहे, ही बातमी मला पाहुण्यांकडून कळली.

मी नागावचा. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीला लागून हौद. पुढच्या अंगाच्या दोन खोल्या माझी बायको सुलभा पाहुण्यांना राहायला देते. धंदा तिचा, मासे तळणं तिचं, पाहुण्यांशी गोड बोलणं तिचं. माझ्याकडे बॅगा उचलणं, आंघोळीचं पाणी तापवणं आणि नेटवर्क नक्की कुठल्या पोफळीखाली मिळतं ते दाखवणं, एवढी खाती. शिवाय मोबाइलवर आमच्या घराचं जे पान आहे, त्यावर फोटो चढवायचं खातंही माझ्याकडेच होतं. होतं म्हणालो. ते कसं गेलं, तेच सांगतो.

आमचा साडू निलेश, म्हणजे सुलभाच्या धाकट्या बहिणीचा, सीमाचा नवरा, खारघरला असतो. न बांधलेल्या इमारतींची बांधल्यासारखी चित्रं कंप्युटरवर काढायची, हा त्याचा धंदा. दरवर्षी थंडीत तो आमच्याकडे पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खायला येतो. (वाल निवडायला येत नाही. मडकं जाळातून बाहेर आलं की येतो.) आला की एकच पालुपद: "दादा, आता खरं आणि कंप्युटरचं यात फरकच राहिला नाही! फोटोरिअलिस्टिक!" हा शब्द तो असा उच्चारतो, की ऐकणाऱ्याने चपला काढून हात जोडावेत.

माझं या बाबतीत ठाम मत होतं. कंप्युटरचं चित्र मला लांबून ओळखू येतं. सिनेमात वाघ आला की मी बसल्या जागेवरून "खोटा!" म्हणून ओरडतो. जहाज बुडालं, "खोटं!" डोंगर कोसळला, "खोटा!" त्यामुळे माझ्यासोबत सिनेमा बघायला घरातलं कोणी बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर गेल्या दिवाळीत निलेशने माझ्यासमोर मोबाइल धरला. "ओळखा. खरं की कंप्युटर?"

चित्र आमच्याच वाडीचं होतं. तीच विहीर, तेच नारळाचं झाड, मागे आमचीच कौलं. फक्त हौदाच्या जागी निळाशार स्विमिंग पूल, आणि पुलाकाठी नारळाखाली खाट, तिच्यावर पांढरी शुभ्र गादी.

"कंप्युटर!" मी म्हणालो.

"अहो, नीट बघा तरी!"

"बघायचंय काय त्यात? नारळाखाली खाट टाकलीयस तू."

"मग?"

"झाड लगडलंय."

"मग?"

"मग काय मग! अरे, लगडलेल्या नारळाखाली आमच्याकडे कुत्रं बसत नाही! तिथे झोपतो तो एकतर पाहुणा, नाहीतर मयत. आणि वाडीत एक सुकलेली झावळी नाही, पाण्यात एक पान नाही. ही वाडी रोज कोण झाडतं, तुझा कंप्युटर?"

निलेश हिरमुसला. पण सुलभा मोबाइल हातात घेऊन बघतच राहिली. "काही म्हणा, दिसतंय किती छान! अहो, आजूबाजूला सगळ्यांकडे पूल झाले. आपणही तो शेवाळलेला हौद फोडून टाकू या का?"

तो हौद माझ्या वडिलांनी, तात्यांनी, स्वतःच्या हातांनी दगड बसवून बांधलेला. पंपाचं पाणी आधी हौदात येतं, तिथून पाटाने झाडाझाडाच्या आळ्यात जातं; अख्खी वाडी त्याच्यावर जगते. त्याच हौदात मी पोहायला शिकलो. (म्हणजे आधी बुडायला शिकलो.) तात्या गेल्यावर मला त्यांची आठवण फोटोकडे बघून कधी आली नाही, हौदाच्या कठड्यावर बसलो की येते. हे मी सुलभाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ओरडलो, "आधी मला फोड, मग हौद फोड!"

"ओरडू नका," सुलभा शांतपणे म्हणाली. (ती शांत झाली की मला घाम फुटतो.) "नाताळात जे पाहुणे येतील ते ठरवतील. त्यांनी हौद बघून नाक मुरडलं, तर पावसाळ्याआधी हौद फोडायचा. त्यांना आवडला, तर मी पुन्हा पुलाचं नाव काढणार नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. माझ्या तोंडाला लगाम असता, तर पुढचं काही झालंच नसतं.

निलेश जाताना कुजबुजला, "दादा, तुमच्याशिवाय एक माणूस हे ओळखू शकणार नाही. पैज!" झालं! माझं टाळकं फिरलं. त्याचं नाक कापायचं म्हणून मी ते चित्र सरळ आमच्या पानावर चढवून दिलं. लोक हसतील, 'ही काय चेष्टा' म्हणून विचारतील, ते सगळं मी साडूला वाचून दाखवीन, असा बेत. खाली 'हे खोटं आहे' असं काही लिहिलं नाही. कशाला लिहायचं? दगडालाही कळेल!

एकही माणूस हसला नाही. उलट नाताळासाठी दोन्ही खोल्या झटक्यात भरल्या. सुलभाला वाटलं, तिच्या सुरमईच्या ताटाच्या फोटोचा प्रताप. मलाही तसंच वाटलं. ते चित्र मी साफ विसरून गेलो होतो.

नाताळच्या सुट्टीत ठाण्याचं एक कुटुंब आलं. साहेब, त्यांची बायको, त्यांची आई आणि दोन मुली. (त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण आमच्या घरात ते ठाणेकर म्हणूनच राहिले.) त्या दिवशी शिपणं होतं, म्हणजे वाडीला पाणी सोडायचा दिवस. पंप चालू, हौद काठोकाठ, पाट वाहतायत, आणि मी बनियन-हाफ पँटीत फावडं घेऊन आळ्यांत पाणी वळवतोय. निलेश आणि सीमाही संध्याकाळच्या पोपटीच्या आशेवर सकाळीच हजर झालेले. मी हात पुसत पुढच्या अंगणात गेलो, तर गाडीतून दोन्ही मुली डोळ्यांवर पोहायचे चष्मे आणि कमरेला रबरी बदक लावूनच उतरल्या.

"काका, पूल कुठेय?"

"कुठला पूल?"

ठाणेकरांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. आणि मला एकदम सगळं आठवलं.

"पूल होय... तो सध्या दुरुस्तीला आहे," मी म्हणालो.

"दुरुस्तीला? म्हणजे कुठे पाठवलाय?"

"कसला पूल?" म्हणत सुलभा पदराला हात पुसत बाहेर आली. तिने मोबाइल बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसं तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मी पाहुण्यांच्या बॅगा घट्ट धरून ठेवल्या.

तेवढ्यात निलेश धावत आला आणि आनंदाने किंचाळला, "बघा दादा! सांगितलं होतं ना? कोणाला ओळखता आलं नाही!"

ठाणेकर वळले. "म्हणजे हे खोटं आहे?"

"खोटं नाही हो, फोटोरिअलिस्टिक!"

"मी तक्रार करणार! सगळीकडे लिहिणार!" ठाणेकरांचा आवाज पार समुद्रापर्यंत गेला असेल. "अगं, तो हौद का काय आहे त्याचे फोटो काढ! पुरावा हवा!" त्यांची बायको मोबाइल घेऊन हौदाशी उभी राहिली. धाकटी मुलगी बदकासकट रडायला लागली. सुलभाचे डोळे भरून आले. तिचा हा पहिलाच चांगला हंगाम होता, आणि तो तिच्या नवऱ्याने एका पैजेपायी पाण्यात घातला होता. (आणि पाणीही खरं नव्हतं!) मला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. हौद तर गेलाच, शिवाय बायकोची पतही गेली.

"आधी चहा आणा त्यांना," सुलभा दातओठ खात म्हणाली. मी स्वयंपाकघरात पळालो.

इकडे निलेशला वाटलं, आपण प्रकरण सावरू. तो ठाणेकरांना घेऊन वाडीत गेला. "साहेब, एक पूल सोडला तर बाकी सगळं जसंच्या तसं आहे. ही विहीर बघा, ही कौलं बघा. खाट? खाटही देतो!" आणि पडवीतली नवारीची खाट उचलून त्या पठ्ठ्याने चित्रात होती तिथेच, त्याच झाडाखाली आणून टाकली. वर सीमाकडून पांढरी चादर मागवून अंथरली. "बसा! आलं ना चित्र जिवंत?"

ठाणेकर फणफणत बसले.

मी चहाचा ट्रे घेऊन मागल्या दारातून बाहेर आलो आणि आधी खाट बघितली, मग वर झाड बघितलं. नारळ उतरवणारा त्या महिन्यात आलाच नव्हता. वर पिकलेल्या नारळांची पेंड लोंबतेय आणि बरोबर खाली ठाणेकरांचं टक्कल.

"साहेब, उठा!" मी ओरडलो.

"का उठू?" ते आणखी पाय पसरून बसले. "फसवता ते फसवता आणि वर उठायला सांगता?"

"अहो, नारळ!"

"नको मला तुमचा नारळ!"

मी धावलो. सरळ वाटेने लांब पडलं असतं म्हणून हौदाच्या कठड्यावरून धावलो. त्या कठड्यावर शेवाळ आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शेवाळाला मात्र त्याचं काही देणंघेणं नव्हतं! पाय सटकला, ट्रे वर, कपबशा त्याहून वर, आणि मी बनियनसकट आडवा हौदात! इतकं पाणी उसळलं, की पलीकडच्या तीन पोफळींचं शिपणं तिथल्या तिथे उरकलं.

"अरेच्चा, पडले की हो!" म्हणत ठाणेकर खाटेवरून उठले आणि हौदाशी आले.

धप्प!

सगळ्यांनी मागे बघितलं. पांढऱ्या चादरीच्या बरोबर मधोमध भोक पडलं होतं, नवार फाटली होती आणि खाटेखाली एक भलामोठा नारळ शांतपणे पडला होता. निलेशचं तोंड उघडं ते उघडंच.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो, डोक्यावरचं पान काढलं आणि म्हणालो, "काय रे निलेश, तुझ्या कंप्युटरला हे ठाऊक होतं?"

उभ्या आयुष्यात मला एवढं समाधान कधी मिळालं नव्हतं.

ठाणेकरांच्या आईंनी डोळ्यांना पदर लावला. "अरे, तू एवढं टाकून बोललास, आणि या माणसाने तुझा जीव वाचवायला पाण्यात उडी घेतली!" मी सटकलो होतो, उडी वगैरे काही घेतली नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडू नये, असं तात्यांनी शिकवलंय.

"काका, पाणी किती खोल आहे?" थोरलीने विचारलं.

"तुझ्या छातीपर्यंत."

दोन्ही मुली धप्पधप्प आत. पंपाच्या पाइपाखाली डोकं धरून अशा किंचाळायला लागल्या, की शेजारच्या वाडीतले लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. आजी पाटाच्या काठाला बसल्या आणि वाहत्या पाण्यात पाय सोडून म्हणाल्या, "आमच्या माहेरी अस्साच होता बाई!" थोड्या वेळाने ठाणेकर स्वतः पंचा गुंडाळून उतरले ते संध्याकाळी पोपटीचं मडकं फुटेपर्यंत बाहेर येईनात. "पुलाच्या पाण्याने डोळे झोंबतात हो," ते मला सांगत होते, "हे पाणी बघा!" जसं काही हौद त्यांच्या तात्यांनी बांधला होता!

जेवताना सुलभाने माझ्या पानात आधी वाढलं. म्हणाली, "हौद राहू दे." आणि जरा थांबून, "तात्या असते तर पोट धरून हसले असते." मला हुंदका आला, वालाचा ठसका लागला असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला सगळे बसलेले असताना निलेशने पुन्हा मोबाइल पुढे केला. "दादा, शेवटचं एक. खरं की कंप्युटर?"

मी बघितलं. कालचाच प्रसंग! हौदावर हवेत आडवा तरंगणारा मी, आजूबाजूला कपबशा.

"हॅ! रातोरात बनवलंस होय?" मी खो खो हसलो. "पण फसलास लेका! कपबशा अशा हवेत थांबतात का? आणि हे पोट बघा हो ठाणेकर, पोट! माझं पोट एवढं आहे? माणसाचं असतं का एवढं? जरा मापात तरी काढायचं! शंभर टक्के खोटं!"

ठाणेकरांची बायको हळूच म्हणाली, "काका, तो मी काढलाय. तक्रारीसाठी."

"आणि बनियनचं ते भोक," सुलभा म्हणाली, "मी किती दिवस शिवायचं म्हणतेय."

फोटो चढवायचं खातं त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेण्यात आलं. सुलभाने पुलाचं चित्र उडवलं आणि त्या जागी हाच फोटो लावला, खाली लिहिलं: 'चित्रात दिसतं ते सगळं खरं आहे.' तेव्हापासून खोल्या रिकाम्या राहत नाहीत. आता फोनवर लोक हौदाबद्दल विचारतात, पोपटीबद्दल विचारतात, आणि ठेवता ठेवता हमखास विचारतात, "बाकी सगळं पटलं हो, पण तो मधला पोटवाला माणूस कंप्युटरचा आहे ना?"

फोन मीच घेतो. इकडेतिकडे बघतो, सुलभा जवळपास नाही याची खात्री करतो आणि सांगतो, "हो हो, कंप्युटरचाच! आजकाल ओळखूच येत नाही."