स्टेअरिंग सरळ धरा
ग्रीसचा वास आला की भोकरदनचं ते गॅरेज आठवतं. धावड्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यानं वाकलेला माझ्या गाडीचा स्टेअरिंग रॉड बदलून झाला होता, पण सरळ म्हणजे किती, हे स्टेअरिंगच्या सेन्सरला पुन्हा शिकवायचं होतं; आणि तासाभरात धावड्याला त्याच रस्त्यासाठी माझी सभा होती. मिस्त्री चाचांनी मशीन जोडलं. "सरळ धरा, बिलकुल हलवू नका." मी धरलं, पण त्या रस्त्याच्या ठेकेदारावर बोलायला लागलो की हात उठायचा आणि स्टेअरिंग हलायचं. तीनदा तेच. "भाऊ, ठेकेदार इथं न्हाई," चाचा वैतागले, "तोंड बंद करा, न्हाई तर सभा इथंच घ्या मंग!" मी दात आवळले, तेव्हा कुठे डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा विझला. सभा वेळेवर गाठली, भाषणात ठेकेदाराला मनसोक्त झोडपलं. आजवर मला गप्प बसवू शकलेला माणूस एकच, मिस्त्री चाचा.