‘बघितलंय’

‘बघितलंय’ या शब्दावर आमच्या घरात तूर्त बंदी आहे. घरात आम्ही दोघंच असतो, त्यामुळे बंदी कोणासाठी आहे हे यजमानांना बरोबर कळलं, आणि ते गरी उचलून भाट्याच्या खाडीवर मासे गरवायला निघून गेले. बायको तापली की पाण्याकडे सटकायचं ही त्यांची जुनी विद्या. नोकरीत असताना ते याहून लांब सटकायचे.

आमचे हे बोटीवर होते. रत्नागिरीत ‘बोटीवर असतो’ एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. कसली बोट, तिच्यावर तो काय करतो, हे पुढे कुणी विचारत नाही. हे मालवाहू जहाजावर, इंजिनात होते. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर, उरलेले घरी. मी इथल्याच एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. लग्नकार्यात पंगतीला बसलं की शेजारची कुणीतरी हमखास म्हणायची, “तुझं काय गो बाय, नवरा अख्खं जग फिरलेला.” नवरा फिरला की बायकोचं पोट भरतं असा या बायकांचा समज असावा. सासूबाईंचं आजारपण, मुलीच्या परीक्षा, वादळात उडालेली कौलं, नळाची तक्रार, एवढ्या मुलखात मी फिरत होते. नकाशा माझ्या हातात आणि जग त्यांच्या, अशी आमची वाटणी होती. मला ती कधीच पटली नाही आणि मी ते वेळोवेळी बोलूनही दाखवलं.

मला एकच गोष्ट बघायची होती. ज्वालामुखी. विझलेला नको, धूर येणारा हवा. सगळी नोकरी मी तो फळ्यावर काढण्यात घालवली. लाल खडूने लाव्हा, पांढऱ्याने धूर. तुम्ही ज्या कातळावरून चालत शाळेत आलात तो कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, आणि तुमच्या घराचा जांभा त्याच कातळातून झिजून झालाय, असं सांगितलं की मुलं बाकाखाली स्वतःच्या पायांकडे बघायची. मलाही तेव्हा वाटायचं, निवलेला आपण जन्मभर तुडवतोय, एकदा पेटलेला बघावा.

मी निवृत्त झाले, हेही बोटीवरून कायमचे उतरले, आणि आता जाऊ, मग जाऊ करता करता माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन पुढच्या वर्षी करावंच लागेल. काही चढाबिढायचं मनात असेल तर या हिवाळ्यात उरका, नंतरचं मी सांगू शकत नाही. ज्वालामुखीला काही लिफ्ट नसते. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. हे मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. ते ऐकून हे म्हणाले, “होय, जाऊया की.” आणि घोडं तिथेच अडलं.

मी जावा बेट म्हटलं. “तिथं काय बघायचंय? सगळं बघितलंय.” बरं, परदेशाची नुसती ओळख म्हणून सिंगापूर? “बघितलंय.” कोलंबो? “दोनदा बघितलंय.” मग तुम्हीच सांगा कुठे जायचं, असं विचारलं तर यांनी बराच विचार करून आंजर्ले सुचवलं. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन होईल, आणि खाली खाडीत वायच गरी टाकता येईल. मी म्हटलं, अहो, मी परदेशाचं विचारतेय. तर म्हणाले, “दाभोळला फेरीबोट लागते ना मधे? म्हणजे पाण्यापलीकडेच झालं.” आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मी हसले नाही. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही, आणि ते विसरल्यामुळे नव्हे.

शेवटी मी यांना हाताला धरून मारुती मंदिराजवळच्या एका सहलवाल्या बाईंकडे नेलं. मेडिकलच्या दुकानावर त्यांचं छोटं ऑफिस आहे. बाईंनी पहिल्यांदा जोडप्यांची सहल काढून दाखवली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलांचे दोन राजहंस. मी म्हटलं, आमचे राजहंस केव्हाच उडाले, दुसरं दाखवा. मग त्यांनी ज्येष्ठांची सहल काढली. बरोबर आपला आचारी, रोज वरणभात, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. खिचडी खायला मी विषुववृत्त ओलांडायचं? मी सरळ सांगितलं, मला जावा बेटावरचा ब्रोमो ज्वालामुखी बघायचाय, पायऱ्या चढून काठावर जायचंय, आणि ते माझे गुडघे चालतायत तोवर व्हायला हवं. बाई खूश झाल्या. पाच-सहा दिवसांत आरामात होईल म्हणाल्या. जीप अगदी जवळ जाते, पुढे थोडं घोड्यावरून जाता येतं, शेवटच्या पायऱ्या तेवढ्या आपल्या आपण.

तेवढ्यात हे म्हणाले, “ज्वालामुखी मी बघितलाय.”

बाईंनी माझ्याकडे वळवलेली आपली फिरती खुर्ची यांच्याकडे केली. “हो का काका? मग तुम्हीच ठरवा. तुम्हाला सगळा अनुभव आहे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघे माझे, हौस माझी, आणि ठरवायचं यांनी, का तर यांनी बघितलंय. बाईंनी अगदी कौतुकाने विचारलं, “कसा दिसतो हो काका?”

हे म्हणाले, “रात्री तोंड लाल दिसतं. चुलीत फुंकर मारल्यावर निखारा फुलतो ना, तसं. वायच थांबतं, परत फुलतं.”

हे वाक्य मला पाठ होतं. जावा-सुमात्रामधल्या सुंदाच्या सामुद्रधुनीतून बोट गेली तेव्हा यांनी मला फोनवर सांगितलेलं. त्यानंतर दरवर्षी ज्वालामुखीचा धडा आला की मी ते वर्गात सांगायचे, “आमच्या यजमानांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय,” असं पुढे जोडून. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. पण त्या दिवशी ते वाक्य जसंच्या तसं, कानामात्रेचा फरक न होता आलं, आणि मी सावध झाले. पाठ केलेलं उत्तर मास्तरणीला लगेच ओळखू येतं. अशा मुलाला दुसरा प्रश्न विचारायचा असतो.

मी विचारलं, “बोट कुठल्या दिशेने चालली होती? तो तुमच्या डाव्या हाताला होता की उजव्या?”

यांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघितलं. मग पायाकडे. “ते आता कोण लक्षात ठेवतंय?” पंचांग न बघता भरती-ओहोटीची वेळ सांगणारा हा माणूस. “मी खाली थांबतो,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. बाई कॉम्प्युटरमध्ये बघायला लागल्या.

मी खाली गेले तर हे मेडिकलच्या दुकानासमोर, स्कूटरच्या सीटला टेकून उभे होते. रिक्षा चालल्या होत्या, माणसं औषधं घेत होती. घरी जाईपर्यंत दम धरायला माझ्यात दम नव्हता. मी तिथेच म्हटलं, “खरं काय ते सांगा.”

“इंजिन रूमला खिडकी नसते गो,” ते म्हणाले.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग हे माझ्याकडे न बघता सांगत गेले. “मी खाली ड्यूटीवर होतो. वर येईपर्यंत तो मागं पडलेला. सुकाणी वर असतो, त्यानं जेवताना सांगितलंन, निखारा फुलतो तसा. तेच मी तुला सांगितलं.”

“आणि सिंगापूर?”

“क्रेन बघितल्या.”

“कोलंबो? दोनदा?”

“बंदराच्या गेटाबाहेर फोनचं बूथ होतं. ही रांग. नंबर लागून तुझ्याशी बोलून होईपर्यंत परत फिरायची वेळ. दोन्ही खेपेला.”

एखाद्या बऱ्या बाईचे डोळे इथे भरून आले असते. माझे नाही आले. मला सणसणून राग आला. “मग बघितलंय, बघितलंय म्हणून का सांगत होतात?”

“तूच विचारायचीस ना फोनवर? आज काय बघितलंत, लवकर सांगा, उद्या वर्गात सांगायचंय. काय सांगणार होतो? वाल्व साफ केला, तेल पुसलं? पोरांना सांगितलं असतंस तू?”

माझा आवाज आणखी चढला. मी म्हटलं, झालं ते झालं, पण आत्ता काय? आत्ता का आडवे येताय? तेव्हा कुठे मुद्द्याचं बाहेर पडलं. “तिथं गेल्यावर तू विचारणार, हा रस्ता कुठला, ते काय. लोक म्हणणार काका जग फिरलेले. मला गेटाबाहेरचं काय माहीत हाय?”

म्हणजे एवढ्यासाठी. जग बघितलं नाही हे उघडं पडू नये म्हणून हा माणूस मला ते बघू देत नव्हता. स्वतःची लाज झाकायला माझे गुडघे जाऊ देत होता. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं, आणि मेडिकलवाल्याने काउंटरवरून मान वर केली तरी आवाज खाली आणला नाही. मला यांचा राग आला, त्या पंगतीतल्या बायकांचा आला, आणि इंजिनात माणूस घालून त्याला खिडकी न ठेवणाऱ्या जगाचाही आला. ‘बोटीवर असतो’ म्हटल्यावर पुढे कुणी विचारत नाही, असं मी वर म्हटलं. त्यात मीही आले.

वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलाला दरडावून विचारावं तसं मी विचारलं, “तुम्हाला काय बघायचंय?”

यांनी स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, “बाजार.”

“कसला बाजार?”

“कसलाही. भाजीचा, मासळीचा. तिकडे संध्याकाळी गेटाच्या आत कसल्यातरी तळणाचा वास यायचा. काय तळतात ते कधी कळलं नाय.”

आम्ही परत जिना चढलो. मी पुढे, कठड्याला धरून, हे मागे. बाईंना मी सांगितलं, ब्रोमो नक्की, आणि दोन संध्याकाळी गावातल्या बाजारासाठी मोकळ्या ठेवा. तिथे मार्गदर्शक नको, बस नको, आचारी तर नकोच. आम्ही दोघं चुकत चुकत हिंडू. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे, आणि खुर्ची वळवून मधोमध आणली.

मग विमानाचं आलं. बाईंनी विचारलं, “खिडकीची जागा एकच मिळतेय. कुणाला देऊ?”

“हिला द्या,” हे सवयीने म्हणाले. “मी बघितलंय.”

“बोट गाठायला विमानाने धाडायची तेव्हा कंपनी खिडकी द्यायची का हो?” मी विचारलं.

हे खुर्चीत जरा मागे सरकले. मग म्हणाले, “मधली असायची. मिळेल ती.”

मी जन्मात विमानात बसलेले नाही. ढग वरून कसे दिसतात हेही मी शाळेत पुस्तकातूनच शिकवलं. माझा राग गेला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही.

“खिडकी यांना द्या,” मी बाईंना म्हटलं. “आल्यावर बघितलंय म्हणतील, तेव्हा निदान खरं असेल.”