नितीनची होडी उजवीकडे का कलत होती

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरत नव्हतं, कारण त्याची होडी उजवीकडे कलत होती.

पत्रिका जुळत होती, मुलगी राजी होती, आमच्या आईनं तर मनातल्या मनात मंगळसूत्राची डिझाईनसुद्धा ठरवली होती. अडली होती ती होडी! नितीननं कारखान्यातली बरी नोकरी सोडून (आईचा रक्तदाब तेव्हापासूनचा) एक जुनी फायबरची होडी घेतली, तिच्या मागे मशीन लटकवलं आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर, किल्ला बघायला येणाऱ्या लोकांची ने-आण करायला लागला. बेटावर मच्छीमारांची वस्ती. वस्तीत पांडुतात्या. तात्यांना मनीषा नावाची मुलगी. पुढचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

नितीन लग्नाचं बोलायला गेला तेव्हा तात्या जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "ती कलती होडी तुजीच ना?"

"हो, पण ती फक्त वेगात..."

"हलू येते तवा सरल, नि पलाया लागली का कुशीवर! मी रोज बगतो हितनं. आरं, ज्याला आपली होडी सरल ठेवता येत नाय, त्याला मी पोर कशी देनार?"

नितीन रडकुंडीला आला. शेवटी मनीषा मध्ये पडली, तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "येत्या रविवारी मी सोता बसनार हाय होडीत. सरल गेली तर बोलू. नाय तर राम राम!"

झालं! मनवेलपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत युद्धाची तयारी सुरू झाली. आणि सेनापती कोण? अर्थातच मी! मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेले. दहावीच्या शिकवण्या घ्यायचे. गुरुत्वमध्य हा धडा मी इतका रंगवून शिकवायचे की मुलं पेंगायची तीसुद्धा तोल सांभाळून.

"तुम्ही कोणी डोकं चालवू नका," मी जाहीर केलं. "हा शास्त्राचा विषय आहे."

पहिल्यांदा मेस्त्री आला. त्यानं होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तंबाखू मळली आणि म्हणाला, "मशीन तिरकं बसलंय." मशीन सरकवलं, आम्ही सगळ्यांनी बसून फेरी मारली. होडी उजवीकडेच! मग खालच्या मजल्यावरचे देसाईकाका (जन्मात होडीत न बसलेले) म्हणाले, "नितीन उजवीकडे बसतो, म्हणून." नितीनला डावीकडे बसवलं. होडी उजवीकडेच! आईनं दृष्ट काढली आणि लिंबू-मिरची मुद्दाम डाव्या बाजूला बांधली, तेवढंच वजन म्हणून. होडीनं लिंबाची लाज राखली नाही.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू आत्याकडे वळल्या. आमची आत्या अंगानं भरलेली. रिक्षात ती बसली की चौथं माणूस आपण होऊन पुढच्या रिक्षाची वाट बघायचं.

"माझ्याकडे काय बघताय मेल्यांनो?" आत्या कडाडली.

"आत्या, शास्त्राला नातं नसतं," मी म्हटलं.

"शास्त्राला सांग, आत्यानं तुला अंगाखांद्यावर खेळवलंय!"

पण भाच्याच्या लग्नासाठी ती बिचारी होडीच्या डाव्या टोकाला जाऊन बसली. आम्ही सगळे निघालो. होडीत तीन आडव्या फळ्या होत्या. मागच्या फळीवर आई आणि आत्या, मधल्या फळीवर मी. माझ्या हातात बिल्डिंगच्या कामावरच्या गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा! दोरीला लटकलेला तो लोखंडी लट्टू ज्या बाजूला जाईल त्या बाजूला होडी कलली, असं सोपं गणित. मी डोळ्यांत तेल घालून लट्टूकडे बघत होते. नितीननं वेग वाढवला आणि लट्टू निघाला... उजवीकडे!

"आता बोला!" आत्या मागून ओरडली. तिला इतका आनंद झाला होता, जणू भाच्याचं लग्न मोडलं तरी चालेल, पण तिची निर्दोष सुटका झाली होती.

गंमत म्हणजे परत येताना होडी एकदम सरळ! "जाताना वाकडी, येताना सरळ," आई हताश होऊन म्हणाली, "होडीलाच ही सोयरीक पसंत नाही बघ."

शेवटचा उपाय म्हणून मी माणसं उतरवली आणि आमच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या त्याच त्या जागी ठेवायला लावल्या. (आत्याच्या जागी किती गोण्या ठेवल्या हे मी छापणार नाही, ती अजून वाचते.) नितीन एकटा गोण्या घेऊन भरधाव बेटापर्यंत गेला. आम्ही किनाऱ्यावरून बघत होतो. होडी पट्टीनं आखल्यासारखी सरळ!

मी तिथेच वाळूत बसले. मशीन चांगलं, होडी चांगली, वजन तेच. गोण्या बसल्या तर सरळ आणि आम्ही बसलो तर वाकडी! म्हणजे दोष आमच्या घराण्यातच होता.

"ताई, काहीतरी कर गं," नितीन म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. लहानपणी पतंग कापला गेला की तो असाच माझ्याकडे बघायचा. पण डोक्यात काही केल्या प्रकाश पडेना, आणि रविवार तर उजाडला!

रविवारी तात्या अर्नाळ्याला आमच्या आधीच हजर. आणि काय तो थाट! कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, पांढरी टोपी, खिशात रुमाल. मीही कमी नव्हते. नवी कोरी जॉर्जेटची साडी आणि आदल्याच दिवशी पार्लरमध्ये सेट केलेले केस! तात्या मधल्या फळीवर डाव्या टोकाला बसले, त्यांच्या उजवीकडे मी आणि माझा ओळंबा. मागे आई आणि आत्या, अगदी शेवटी मशीनवर नितीन. तो आमच्या डोक्यांवरून समोरच्या बेटाकडे बघत होता. किनाऱ्यावर मनीषा उभी असणार, त्याला दुसरं काय दिसणार!

"सोड!" तात्या गरजले.

होडी उसळली. लट्टू मधोमध! सरळ... सरळ... अजून सरळ! आणि समोरून, डाव्या अंगानं समुद्राचा वारा आला, लाट फुटली आणि फस्सकन पाण्याचा फवारा उडाला.

त्याच क्षणी माझ्या डाव्या दंडाला कसला तरी धक्का लागला. बघते तर तात्या माझ्याकडे सरकलेले! नजर समोर, चेहरा गंभीर, आणि शर्ट जपत हळूच अजून एक वीतभर इकडे. मग मी काय केलं? साडी सावरली आणि मीही सरकले! मागे आत्या म्हणत होती, "वहिनी, सरक गं जरा, अंगावर येतंय." आई सरकली. लट्टू उजवीकडे. होडी कुशीवर!

माझ्या डोक्यात लखकन वीज चमकली. गोण्यांना इस्त्री नसते! गोण्यांना पार्लर नसतं! वारा जाताना समोरून तिरका, डाव्या अंगानं यायचा आणि होडीतले सगळे, आम्ही काय नि रोजचे प्रवासी काय, वेग वाढला की कोरड्या बाजूला सरकायचे. येताना वारा पाठीवर, मग कोण कशाला सरकतंय!

"तात्या!" मी किंचाळले. "तुम्ही सरकलात!"

नितीन मागून हातवारे करून मला गप्प बसवत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोन? मी?" तात्यांचे डोळे लाल झाले. "चालीस वरसं दर्यात काडली मी! मी पान्याला भितो?"

"पाण्याला नाही हो, इस्त्रीला भिता!"

तात्या ताडकन सरकून पुन्हा डाव्या टोकाला जाऊन बसले. "आपापल्या जागंवर बसा! आता कोनी हलायचं नाय!" त्यांनी हुकूम सोडला. पुढची लाट आली ती थेट त्यांच्या टोपीवर. मग दुसरी. मग तिसरी. शर्ट अंगाला चिकटला, मिशा खाली आल्या, पण पठ्ठ्या जागचा हलला नाही. आणि लट्टू? लट्टू येऊन बरोबर मधोमध उभा राहिला!

तात्यांनी लट्टूकडे बघितलं. मग गळणाऱ्या बाह्यांकडे. आणि एकदम एवढ्या मोठ्यानं हसले की नितीनच्या हातातून मशीन सुटता सुटता राहिलं. "आयला! फिरव परत! आजून जोरात घे!" आम्ही बेटाला वळसे घातले, तात्या दर वळशाला लहान पोरासारखे ओरडत होते. किनाऱ्याला लागलो तेव्हा मनीषा धावत पुढे आली आणि बापाचा अवतार बघून जागीच थांबली.

"होडी सरल हाय," तात्या टोपी पिळत म्हणाले. "पोरगा बी सरल हाय. पन लग्नाच्या दिशी डावीकडं कोन बसनार?"

आई, आत्या आणि माझा सख्खा भाऊ, तिघांनीही एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं!

लग्नाच्या दिवशी करवली म्हणून मी पुढच्या फळीवर डाव्या टोकाला बसले, अख्ख्या वऱ्हाडाच्या वाटणीचं पाणी अंगावर घेत. बेटावर उतरले तेव्हा काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं, केसांच्या दोऱ्या झाल्या होत्या आणि नाक गळत होतं. वस्तीतल्या बायकांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "भावावर किती जीव गो बाय तुजा! रडू नको!" व्हिडिओवाल्यानं तेवढं नेमकं टिपलं. आजही ती कॅसेट बघणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, नवऱ्या मुलाची बहीण इतकी रडलेली आम्ही पहिल्यांदाच बघितली!

मी कुणालाही खरं सांगत नाही. रडले म्हटलं की निदान प्रेमळ तरी ठरते, भिजले म्हटलं, तर कोणीतरी नक्की विचारेल, "बीएस्सी फिजिक्स ना तुम्ही? मग एक छत्री न्यायचं नाही सुचलं?"