वाढीव गुण

आमच्या वहिनींनी आयुष्यात कधी कुणाला नापास केलं नाही, आणि आता त्याच गोष्टीची त्यांना लाज वाटते. मी त्यांचा धाकटा दीर. भाड्याची गाडी चालवतो, जीभ जरा तिखट आहे, त्यामुळे घरात माझं बोलणं कुणी फारसं मनावर घेत नाही. पण या प्रकरणात पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टिअरिंगवर मीच होतो, तेव्हा सांगायचा हक्क माझा.

वहिनी मूळच्या गणिताच्या शिक्षिका. शाळेत मुलं कमी झाली आणि शिक्षक जास्त झाले, तेव्हा जास्तीचे शिक्षक सरकारने इतर खात्यांत वाटून टाकले. वहिनी आरोग्य खात्याच्या वाट्याला आल्या. काम ऐकायला भारदस्त होतं. कोणकोणते देश डिजिटल आरोग्यसेवेसाठी किती तयार आहेत, याची पाहणी चालू होती. रुग्णाची माहिती कागदाऐवजी संगणकावर ठेवायची आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात क्षणात पोचवायची, तर त्यासाठी लागणारी वीज, इंटरनेट, शिकलेली माणसं जागेवर आहेत का, हे प्रत्येक देशाने आपलं आपण तपासून कळवायचं. त्यासाठी निवडक आरोग्य केंद्रांवर माणसं जाणार होती. वहिनींनी केंद्रात बसून प्रश्न विचारायचे आणि पाचपैकी गुण द्यायचे. तीन मिळाले की केंद्र सज्ज.

"म्हणजे देशाचं प्रगतिपुस्तक भरायचं," मी म्हणालो.

"हो भाऊजी. आणि खात्याने गाडी तुमचीच लावली आहे. वेळेवर या, नाहीतर मी हजेरी घेते हे माहीत आहे ना?"

शाळा सुटली तरी वहिनींचा हात शाळेतलाच राहिला. काठावरचं पोर दिसलं की त्या उत्तरपत्रिका उलटसुलट करून कुठूनतरी अर्धा गुण शोधून काढायच्या. वर्षभर राबलंय बिचारं, काठावर कशाला बुडवायचं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तब्येतीमुळे घरीच असणारा दादा हसायचा. मी तर त्यांना तोंडावर सांगायचो की तुमच्या हाताखालून दगडसुद्धा पुढच्या वर्गात जाईल.

या नव्या परीक्षेत मात्र एक उलटी गोष्ट होती. जे केंद्र कमी गुण मिळवेल, त्यालाच बॅटऱ्या, अँटेना आणि वर्षभरासाठी एक शिकवलेला माणूस मिळणार होता. जे सज्ज ठरेल, त्याला काहीच नाही. उलट तिथली रुग्णांच्या हातात द्यायची कागदी कार्डं बंद. प्रशिक्षणात हे सांगितलं होतं. वहिनींनी ऐकलंही होतं. "कानांनी ऐकलं हो भाऊजी, हाताने नाही ऐकलं," असं त्या पुढे मला म्हणाल्या.

टेकडीमागच्या एका केंद्रावर आम्ही गेलो तेव्हा सिस्टर गच्चीवर होत्या. केंद्राची सगळी भिस्त या एकट्या नर्सबाईंवर. डॉक्टर आठवड्यातून एकदा उगवायचे. मी बाहेर रुग्णांच्या बाकावर टेकलो. पाहतो तो सिस्टर लोखंडी शिडीवरून एकेक पायरी चाचपत उतरताहेत, गळ्यात पिशवी, पिशवीत टॅब्लेट. चांगल्या पन्नाशीच्या, गुडघे कुरकुरणारे.

"वर काय करतात?" मी शेजारच्या आजोबांना विचारलं.

"खाली रेंज कुठाय? पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की येते. दिवसभर खाली लिहायचं आणि संध्याकाळी वर जाऊन पाठवायचं. आम्ही म्हणतो, यंत्र हवा खायला गेलं."

आत वहिनींचे प्रश्न सुरू झाले. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. सिस्टरनी पडदे धुऊन टांगले होते, टॅब्लेटला जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं. मुलीकडून स्वतःच सगळं शिकल्या होत्या. कुठलं बटण कशाचं, हे शाळेतल्या मुलीसारखं घडाघडा सांगत होत्या. मग प्रश्न आला, केंद्रात इंटरनेट आहे का?

"आहे ना, मॅडम. म्हणजे... गच्चीवर आहे." सिस्टर थांबल्या. "गच्ची केंद्राचीच आहे."

वहिनी हसल्या. "आहे, असं लिहिते."

परतताना मी गाडीतच तोफ डागली. "वहिनी, ती बाई एक दिवस शिडीवरून पडेल. हे कसलं इंटरनेट?"

"माहीत आहे मला. खरं म्हणजे दोनच गुण होतात," त्या म्हणाल्या. "पण तोंड पाहिलंत का तिचं? इतकं करून दोन गुण हातावर ठेवले तर काय वाटेल तिला?"

केंद्राला तीन गुण मिळाले. दारावर 'सज्ज केंद्र' अशी पाटी लागली. खात्याची गाडी येऊन कोरी कागदी कार्डं गोळा करून घेऊन गेली. देशाचा एकूण अहवालही छापून आला. आपण दोन शेजारी देशांच्या पुढे गेलो होतो आणि कार्यालयात पेढे वाटावेत तसे सगळे खुशीत होते. सिस्टरनी वहिनींना फोन करून आभार मानले. त्या दिवशी वहिनी स्वयंपाक करताना गुणगुणत होत्या.

मग एक दिवस कार्यालयात बातमी आली. टेकडीमागच्या केंद्रात येणाऱ्या एका गरोदर बाईचं बाळ पोटातच गेलं होतं. तिचा रक्तदाब दर खेपेला वाढत होता, पाय सुजत होते. सिस्टरनी सगळं टॅब्लेटवर नीट टिपलं आणि तिला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जायला सांगितलं. ती गेली, पण रिकाम्या हाताने. कार्ड तर बंद झालेलं. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर तिच्या नावापुढे काहीच नव्हतं, कारण त्या आठवड्यात गच्चीवरसुद्धा रेंज नव्हती. डॉक्टरांना ती पहिल्यांदाच आलेली बाई वाटली. त्या घटकेला रक्तदाब थोडाच जास्त भरला. गोळ्या दिल्या, आठवड्याने या म्हणाले. तेवढ्या आठवड्यात सगळं संपलं.

चौकशी बसली. चौकशीचं गणित सरळ होतं. केंद्र सज्ज, यंत्र सज्ज, म्हणजे चूक माणसाची. सिस्टरना निलंबनाची नोटीस निघाली.

ती नोटीस वहिनींनी कार्यालयात स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. घरी आल्या त्या पदराने तोंड दाबूनच. दादाने विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या, "मी एका बाईचं बाळ मारलं आणि दुसरीला शिक्षा होतेय." दादा गडबडला, समजूत घालू लागला, रेंज काय तू बंद केलीस का, वगैरे. मीही त्याची री ओढली. वहिनींनी ताटं वाढली. जेवायला बसल्या आणि पहिल्याच घासाला उठल्या. इतकं अपराधी मी कुणाला पाहिलेलं नाही. रडणारं माणूस बघवतं, पण त्या रडतही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना साहेबांकडे घेऊन गेलो. मी बाहेर थांबलो, दार अर्धवट उघडं होतं.

"साहेब, त्या केंद्राला मी एक गुण वाढवून दिला होता. ते सज्ज नव्हतं. सिस्टरची काही चूक नाही."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी पाणी मागवलं. "मॅडम, एखादा गुण सगळेच वाढवतात. मीसुद्धा वाढवायचो. एवढं अंगाला लावून घेऊ नका."

"सगळेच?"

"माणसाचं तोंड बघून हात सैल होतोच. पण हे लेखी देऊ नका. तुमच्या सगळ्या केंद्रांवर संशय येईल. मग इतरांच्या. देशाचा क्रमांक छापून झालाय हो, आता काय सांगायचं बाहेर?"

वहिनींनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. त्यांची नोकरी त्या कागदावर टांगलेली होती, आणि दादाची तब्येत बघता घर त्या नोकरीवर.

"सांगायचं, की आम्ही तयार नाही," वहिनी म्हणाल्या, आणि तिथेच बसून त्यांनी लेखी दिलं.

त्यांना पाहणीतून काढलं. शाळेत परत घेणार की घरी बसवणार, ते अजून ठरलेलं नाही. सिस्टरवरची नोटीस मात्र मागे घेतली गेली. ते कळलं तशा वहिनी म्हणाल्या, चला, मला तिला समोर जाऊन सांगायचं आहे. वाटेत पहिल्यांदाच त्या जरा मोकळ्या दिसल्या. मलाही वाटलं, चला, निदान एक गाठ तरी सुटली.

सिस्टर टेबलापाशी बसून गोळ्यांची पाकिटं भरत होत्या. वहिनींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोन गुण होते, तीन केले, तुमच्याकडे बघून केले. सिस्टरच्या हातातलं पाकीट अर्धवटच राहिलं.

"म्हणजे माझं बोट चुकलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी रोज तेच आठवत होते, मॅडम. कुठलं बटण चुकीचं दाबलं मी. केंद्र सज्ज आहे म्हटल्यावर दुसरं काय असणार? नवऱ्यालासुद्धा सांगितलं, माझ्या हातून पाप घडलं."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." वहिनी म्हणाल्या.

"कमी गुण दिले असतेत तर मी रागावले असते," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चारचौघींत तुमच्या नावाने बोटं मोडली असती. चार दिवस. मग अँटेना आला असता."

बाहेर कुणाचं तरी लेकरू किरकिरत होतं. सिस्टरनी पाकीट बंद केलं.

"त्या बाईचा रक्तदाब अजून उतरलेला नाही. दर सोमवारी तपासायला येते. मी तिच्या पाया पडले होते, माझी चूक झाली म्हणून. तिने मला उठवलं, म्हणाली, तुम्ही मुद्दाम नाही केलं." सिस्टरनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "आता तिला खरं कुणी सांगायचं, मॅडम? तुम्ही की मी?"

वहिनी बाहेर आल्या. मी किल्ली काढली.

"गाडी नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आज सोमवार आहे."

आणि त्या रुग्णांच्या बाकावर, कडेला, जागा करून बसल्या.