गच्चीवर धरलेली अँटेना

मी कोकणातला. शाळा सातवीत सुटली, बोटीवर जमलं नाही, मग पाण्याच्या टाक्या बसवत बसवत धुळ्यात, देवपुरातल्या एका कॉलेजात येऊन थांबलो. तिथल्या सरांनी कागदपत्रं न विचारता प्रयोगशाळेत कामाला ठेवलं. ते उपकार मनात असतात, म्हणून कुठल्याच कामाला नाही म्हणवत नाही.

आमच्या कॉलेजातल्या मुलांनी बनवलेला छोटा उपग्रह, टिफिनच्या डब्याएवढा, त्या उन्हाळ्यात वर गेला. नव्या तऱ्हेची बॅटरी तिथे टिकते का, एवढंच तपासायचं होतं. बॅटरी चोपड्याच्या एका मुलीने केलेली. पण गेल्यापासून उपग्रहाचा आवाजच नाही. बॅटरी मेली, असं सगळे म्हणत. तिच्यासमोर नाही एवढंच.

त्यात त्याचा आवाज पकडायला गच्चीवर लावलेली अँटेना फिरवणारी मोटर उन्हात जळाली. मग उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत अँटेना मी हातात धरायची. खाऊन उरलेल्या माशाच्या काट्यासारखी ती. हलकी, पण हात वर ठेवून खांदा उतरतो. मला अंश कळत नाहीत, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन तीच मुलगी खुणा सांगायची, "लळिंगच्या डोंगराकडून वर घ्या, भाऊ. आता टाकीवरून. आता सुरतेकडे."

रोज हेडफोनमध्ये तीच खरखर. माझाच हात हलतो म्हणून आवाज निसटत असेल, असं वाटायचं. खाली आलो की, अख्खा दिवस वर काढतो म्हणून, वॉचमन नाना अहिराणीत टोमणा मारायचे, "काय भाऊ, वरली पेटी बोलनी का? बठ्ठा दिन गच्चीवर, अन् हातमा काय? घाम!"

शेवटी सर म्हणाले, उद्या बघू, नाहीतर बॅटरी गेली असं लिहून टाकू. मुलीने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी टाकीवरून नेता नेता माझं मनगट वळलं आणि अँटेना आडवी झाली. सरळ करणार तोच ती ओरडली, "हलू नका! तशीच धरा!"

हेडफोनची वायर तिने लॅपटॉपमधून उपटली. खरखरीतून बारीक टिकटिक येत होती. वाकड्या मनगटाने मी सुरतेकडे सरकत राहिलो. घाम डोळ्यांत गेला, पुसणार कसा? मग आवाज विरला.

तिने पडद्यावरचे आकडे वाचले. "बॅटरी जिवंत आहे, भाऊ. चार्ज होतेय. लहरी आडव्या येतायत, आपण अँटेना उभी धरत होतो, तिथेच चुकलं."

'आपण' म्हणाली. मला बरं वाटलं.

मग ती टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून बसली. हसायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

मी विचारलं, "हात खाली करू का आता?"