‘गरज नाही’ लिहिलेल्या ओळी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या मराठी मंडळाने एक ऑनलाइन शीट सुरू केली होती. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञांनी ती आपल्या अकाउंटवरून बनवली. मी त्यांना भाऊ म्हणत असे. पेशंटचं नाव, वय, मोहल्ला, ऑक्सिजन किती, काय हवंय, आणि शेवटच्या रकान्यात ‘स्थिती’. शीट भरायचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे रकाने मला जमतील असं सगळ्यांनी गृहीत धरलं. भाऊ मंडळाचे तीन सिलिंडर आपल्या व्हॅनमध्ये घालून भोपाळभर फिरायचे. शीट पाहायचे आणि ज्याची ओळ उघडी असेल, म्हणजे ‘गरज नाही’ लिहून बंद झाली नसेल, त्याच्याकडे जायचे.

गेल्या वर्षी भाऊंचा फोन आला. ते लेकीकडे नाशिकला कायमचे निघाले होते आणि जुनं अकाउंट बंद करणार होते. म्हणाले, “वहिनी, ती शीट उडवून टाकू ना?”

मी नको म्हटलं. आपल्या लोकांनी ते दिवस कसे काढले याचा दुसरा कुठलाच पुरावा नाही, ग्रुपवरचे मेसेज तर लोकांनी केव्हाच पुसून टाकलेत, असं सांगितलं. मग त्यांनी शीट माझ्या नावावर करून दिली.

ती उघडली तेव्हा पहिली अडचण दिसली ती माझ्याच नोंदींतली. स्थितीच्या रकान्यात मी जागोजागी ‘गरज नाही’ लिहिलं होतं. माणूस बरा झाला तरी ‘गरज नाही’, गेला तरी ‘गरज नाही’. त्या दिवसांत ‘वारले’ हा शब्द टाइप करायला हात धजत नसे. आता एवढ्या वर्षांनी कोण वाचलं आणि कोण गेलं हे मलाच कळेना. असा दस्तऐवज जपून काय उपयोग? म्हणून मी एकेका घरी फोन करायला लागले.

आता उज्जैनला राहणारे एक आजोबा स्वतःच फोनवर आले आणि मी काय विचारतेय हे कळल्यावर खूप हसले. एका घरच्या सुनेने शांतपणे सांगितलं, “काकू, हमारा नाम हटा दीजिए. घरात तो विषय काढत नाही आम्ही.” मी नाव काढलं, ओळ ठेवली. दुपारी जेवणं झाली की मी हे फोन करत असे. दोन-तीन फोन झाले की त्या दिवशी पुढचा नंबर लावणं होत नसे.

मग एके दुपारी इंद्रपुरी मोहल्ल्यातल्या एका ओळीवर अडले. ती कधी बंदच झाली नव्हती. ‘सिलिंडर हवा’ असंच होतं अजून. हा माणूस गेल्याचं मला पक्कं आठवत होतं, कारण त्याच्या भावाने सकाळी फोन करून “अब ज़रूरत नहीं है” एवढंच सांगितलं होतं आणि मी ते लगेच शीटमध्ये भरलं होतं. मग भरलं कुठे?

चार ओळी वर त्याच आडनावाचा दुसरा माणूस होता. अवधपुरीचा, वय एकेचाळीस. त्याच्यापुढे ‘गरज नाही’. कोणी कधी काय बदललं ते शीटच्या इतिहासात दिसतं. तिथे माझं नाव होतं, वेळ सकाळी सव्वादहा. अवधपुरीचा माणूस त्याच दिवशी संध्याकाळी गेला, हे मला नंतर कळलं होतं.

मी ती तारीख आणि वेळ पुन्हा एकदा तपासली. मग भाऊंना नाशिकला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला माहीत होतं, वहिनी.” त्या दिवशी ते सिलिंडर घेऊन इंद्रपुरीला पोचले, तर तिथे लोक तिरडी बांधत होते. परत फिरून त्यांनी शीट पाहिली. अवधपुरीची ओळ बंद होती, म्हणून ते पुढच्या घरी गेले. काय झालं ते दोन दिवसांनी, अवधपुरीची बातमी कळल्यावर, त्यांच्या लक्षात आलं. “तुम्ही रात्रंदिवस फोनवर होता. तुम्हाला सांगून काय झालं असतं?”

आता मला कळलं की ती शीट त्यांना का उडवायची होती. त्यांच्यावर रागावताही येईना.

अवधपुरीला जायला मी आठ दिवस लावले. त्या माणसाची बायको अजून त्याच घरात राहते, मुलगी बारावीला आहे. तिने ओळखलं, “या काकू” म्हणाली, चहा ठेवायला उठली. मी तिला बसवलं आणि आधी सगळं सांगून टाकलं. आडनाव एकच होतं, ओळ चुकली, आणि चूक माझ्या हातून झाली.

ती रडली नाही. तिने सांगितलं की सकाळी नवऱ्याचं नाव शीटमध्ये लागलंय असं कळल्यावर ती गॅलरीत उभी राहून व्हॅनची वाट बघत होती. दुपारी पुन्हा फोन करावा असं वाटलं, पण सगळ्यांचीच माणसं आजारी आहेत, सारखं काय विचारायचं, म्हणून केला नाही. “इतकी वर्षं मला वाटत होतं, मी संकोच केला म्हणून ते गेले.”

“तुझी काही चूक नव्हती,” मी म्हटलं.

“मग हे मला आता का सांगताय? स्वतःला हलकं वाटावं म्हणून?”

तसं नव्हतं असं छातीठोकपणे आजही म्हणवत नाही.

मग तिने ती शीट दाखवायला सांगितली. मी फोनवर उघडून दिली. नवऱ्याचं नाव, वय, ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर, हे तिने बोट ठेवून वाचलं. मी विचारलं, चुकीचं लिहिलेलं पुसू का? ती म्हणाली, “पुसायचं नाही. त्याच्या खाली लिहा, गरज होती. आणि कोणी चुकवलं तेही लिहा.”

तिच्यासमोरच मी ते लिहिलं. स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. तिने एकदा वाचून फोन परत दिला आणि दार उघडून उभी राहिली. चहा राहूनच गेला.

उरलेल्या ओळी पूर्ण करायला मला आणखी तीन महिने लागले. आता प्रत्येकापुढे ‘बरे झाले’ किंवा ‘वारले’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शीटच्या प्रती मंडळाच्या कपाटातल्या डिस्कवर आणि आणखी दोघांकडे ठेवल्या आहेत. नव्या कार्यकारिणीतल्या एकाने सुचवलं की माझी ती नोंद गाळावी, मंडळाची बदनामी होते. मी नकार दिला.

तिला मी त्यानंतर दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. संक्रांतीला तिची मुलगी बाजारात भेटली, “नमस्ते आजी” म्हणाली आणि अभ्यास खूप आहे असं सांगून निघून गेली. आईने तिला काही सांगितलंय की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.